स्वस्तात मिळणारी जुनी लक्झरी एसयूव्ही खरंच स्वस्त पडते का? वय, किलोमीटर आणि किंमत यांचा सोलापुरातून मांडलेला हिशेब

'दिल्ली पासिंग, सिंगल ओनर, फक्त ५५ हजार किलोमीटर, शोरूम कंडिशन. नवीन क्रेटाच्या किमतीत जर्मन एसयूव्ही.' अशा अर्थाची एखादी रील दर दोन-चार दिवसांनी मोबाइलवर येतेच. खाली कमेंटमध्ये 'किंमत इनबॉक्स करा' म्हणणाऱ्यांची रांग असते. त्यात सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अकलूजचीही नावं दिसतात.

हे आकर्षण समजण्यासारखं आहे. जी गाडी नवी घ्यायची तर ६०-७० लाख मोजावे लागतात, तीच सहा-सात वर्षांनी २०-२५ लाखांत दारात उभी राहू शकते. सांगोल्याचा डाळिंब बागायतदार असो, सोलापुरातला डॉक्टर असो किंवा एखादा कंत्राटदार, हा आकडा आता अनेकांच्या आवाक्यातला आहे.

पण जुन्या लक्झरी गाडीचा सगळा घोळ एका वाक्यात मावतो. गाडीची किंमत पडते, पण गाडी सांभाळायचा खर्च पडत नाही. ७० लाखांची एसयूव्ही २० लाखांत मिळाली तरी तिचा गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि हेडलाइट ७० लाखांच्या गाडीचेच राहतात. त्यामुळे 'गाडी किती चाललीय' आणि 'किती कमी होतील' हे दोनच प्रश्न विचारून सौदा केला, तर खरा खर्च नंतर कळतो.

मग अशी गाडी निवडताना वय, किलोमीटर आणि किंमत यांचा मेळ कसा घालायचा? आधी या स्वस्ताईमागची गोष्ट समजून घेऊ.

एवढ्या स्वस्तात गाड्या आल्या कुठून?

या गोष्टीची सुरुवात दिल्लीत होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली. पेट्रोल गाड्यांसाठी १५ वर्षांची मर्यादा होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या मर्यादा कायम ठेवल्या.

नियम जुना होता, पण खरी धावपळ झाली २०२५ मध्ये. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना इंधनच द्यायचं नाही, असा आदेश अमलात आला. नंबरप्लेट ओळखणारे कॅमेरे पंपांवर बसले. त्याच दिवसांत ८४ लाखांना घेतलेली २०१५ची मर्सिडीज अडीच लाखांत विकावी लागल्याची बातमी देशभर व्हायरल झाली.

मोठ्या एसयूव्हींना याचा फटका जास्त बसला, कारण त्या काळातल्या बहुतेक लक्झरी एसयूव्ही डिझेलच्या होत्या. दिल्लीत दहा वर्षांनंतर उपयोग नसलेली गाडी महाराष्ट्रात मात्र नियमानं १५ वर्षं चालते आणि नोंदणीचं नूतनीकरण झालं तर पुढेही चालते. एकाच गाडीची दोन राज्यांत दोन वेगवेगळी आयुष्यं झाली. या फरकावरच एक मोठा बाजार उभा राहिला. दिल्लीत गाडी उचलायची, एनओसी घ्यायची आणि दुसऱ्या राज्यात विकायची.

मग ती सूट आजही खरी आहे का?

इथे रील आणि वास्तव वेगळं होतं.

इंधनबंदीचा आदेश लोकांच्या विरोधानंतर काही दिवसांतच स्थगित झाला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असं सांगितलं. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात बदल केला आणि हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांवर कारवाईचा रस्ता पुन्हा मोकळा झाला.

याचा अर्थ असा की २०१५-१६ ची बीएस-४ डिझेल एसयूव्ही सांभाळणाऱ्या दिल्लीकराला ती कवडीमोल विकण्याची घाई आता तेवढी उरलेली नाही. तरीही कोणी 'दिल्लीत बंद होणार म्हणून एवढी स्वस्त' असं सांगत असेल, तर स्वस्ताईचं कारण दुसरंही असू शकतं. अपघात, पुराचं पाणी, मागे फिरवलेलं मीटर किंवा दारात आलेला मोठा दुरुस्तीचा खर्च.

दुसरा बदल नव्या गाड्यांच्या किमतीत झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर बदलला. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्क्यांपर्यंत सेस, असा जवळपास ५० टक्क्यांचा भार होता. तो सरळ ४० टक्के झाला. टोयोटाने तेव्हा फॉर्च्युनरच्या किमतीत ३ लाख ४९ हजारांपर्यंत कपात जाहीर केली. लँड रोव्हरच्या वरच्या मॉडेलवर ही कपात ३० लाखांपर्यंत गेली.

जुन्या गाडीच्या सौद्यात हा मुद्दा सहज निसटतो. विकणारा त्याने कपातीच्या आधी मोजलेली किंमत डोक्यात धरून भाव सांगतो. घेणाऱ्याने तुलना करायची ती आजच्या नव्या किमतीशी. दोन-तीन वर्षं जुन्या गाडीत तर हा फरक भाव ठरवणारा असतो.

याच विषयावर डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक गैरसमज पसरला होता. जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागणार म्हणजे गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला कर भरावा लागणार, असे मेसेज फिरले. तसं नाही. हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाला लागतो आणि तोही पूर्ण किमतीवर नाही, तर त्याच्या नफ्यावर. शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून त्याची खासगी गाडी घेतली, तर त्यावर जीएसटी नाही.

किलोमीटर कमी म्हणजे गाडी चांगली?

बाजारात पहिला प्रश्न हाच असतो, 'किती चाललीय?' पण हा आकडा एकटा फार काही सांगत नाही.

एक साधा हिशेब बघू. एक गाडी ६० हजार किलोमीटर चालली आहे, पण सगळी महानगराच्या गर्दीत, सरासरी ताशी २० किलोमीटर वेगाने. म्हणजे तिचं इंजिन ३,००० तास चाललं. दुसरी गाडी १ लाख २० हजार किलोमीटर चालली आहे, पण बहुतेक महामार्गावर, सरासरी ताशी ६० ने. तिचं इंजिन चाललं २,००० तास. मीटरवर दुप्पट दिसणारी गाडी प्रत्यक्षात कमी राबलेली आहे. क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स यांचीही झीज गर्दीतच जास्त होते.

सोलापूरच्या गाड्यांचंच घ्या. महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊन यायचं म्हटलं तरी महिन्याला साधारण हजार आणि वर्षाला १२ हजार किलोमीटर तिथेच होतात. त्यामुळे सहा वर्षांच्या स्थानिक गाडीच्या मीटरवर ९० हजार दिसले, तर दचकायचं कारण नाही. उलट दहा वर्षांच्या गाडीवर ३० हजारच दिसले, तर जास्त प्रश्न विचारायला हवेत.

कारण गाडीचे बरेच भाग चालल्याने नाही, तर वयाने खराब होतात. रबराचे बुश आणि होज, टायर, बॅटरी, कूलंटचे प्लास्टिकचे भाग, एअर सस्पेन्शनच्या रबरी पिशव्या, दरवाजांचं रबर. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो. अशा उन्हात उघड्यावर उभी राहिलेली गाडी न चालताही म्हातारी होते.

डिझेल गाडीत आणखी एक मुद्दा आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, सगळीकडे आला. अडकलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज घर ते दुकान चार किलोमीटर आणि परत चार, एवढीच चालणारी डिझेल एसयूव्ही हा फिल्टर तुंबवून बसते. अशा गाडीचे 'कमी किलोमीटर' हे गुण नसून दुखणं असू शकतं. नवीन मालकाचा वापरही फक्त शहरातलाच असेल, तर त्यानं पेट्रोलचा विचार करावा. महामार्गावर नियमित जाणं असेल तर डिझेल चालतं.

पेट्रोल घेताना ई-२० चा प्रश्न विचारावा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. गाडी त्यासाठी बनवलेली आहे का, हे इंधन टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांत हे जरूर तपासावं.

वय: कुठली वर्षं महत्त्वाची?

आरसीवर दोन तारखा असतात. गाडी बनली तो महिना आणि नोंदणी झाली ती तारीख. २०१८ च्या अखेरीस बनलेली गाडी २०१९ च्या मध्यावर नोंदली गेली असेल, तर विकणारा तिला '२०१९ ची' म्हणतो. भाव ठरवताना बनण्याची तारीख धरावी. नोंदणीची १५ वर्षं मात्र नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात.

पाचवं वर्ष हा आणखी एक टप्पा. विम्यात गाडीची किंमत धरण्याचं एक ठरलेलं कोष्टक आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. त्यानंतरची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्यात ठरते.

अपघातानंतरच्या दुरुस्तीतही वय आडवं येतं. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीत धातूच्या भागांवर ४० टक्के आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के कापतात. ही कपात टाळणारं झिरो डेप कव्हर बऱ्याच कंपन्या पाच-सात वर्षांनंतर द्यायला का-कू करतात. लक्झरी गाडीचा बंपर आणि सेन्सरचं बिल लाखात जातं. त्यातला अर्धा खिशातून द्यावा लागला, तर ते किमतीत मिळालेली सूट फस्त करतं. म्हणून टोकन देण्याआधी त्या गाडीचं विम्याचं कोटेशन मागवावं.

किंमत: तीन गाड्यांचा हिशेब

आता तिन्ही गोष्टी एकत्र मांडू. खालचे आकडे कुठल्याही एका मॉडेलचे नाहीत. हिशेब कसा करायचा हे दिसावं म्हणून ते उदाहरणादाखल घेतले आहेत. गाडी चार वर्षं वापरून विकायची, असं धरलं आहे. इंधन आणि विमा बाजूला ठेवला आहे.

पहिली गाडी: वय १० वर्षं, ६० हजार किलोमीटर, किंमत १४ लाख. चार वर्षांनी विकताना नोंदणीचं एकच वर्ष उरेल, म्हणून ४ लाख येतील असं धरू. घट १० लाख. देखभाल वर्षाला दीड लाख, म्हणजे ६ लाख. अडकलेल्या पैशावर ७ टक्के साधं व्याज, म्हणजे ३.९ लाख. एकूण १९.९ लाख.

दुसरी गाडी: वय ५ वर्षं, ७५ हजार किलोमीटर, किंमत २६ लाख. चार वर्षांनी १५ लाख येतील. घट ११ लाख. देखभाल वर्षाला १ लाख, म्हणजे ४ लाख. व्याज ७.३ लाख. एकूण २२.३ लाख.

तिसरी गाडी: वय ३ वर्षं, २५ हजार किलोमीटर, किंमत ३८ लाख. चार वर्षांनी २३ लाख येतील. घट १५ लाख. देखभाल वर्षाला ६० हजार, म्हणजे २.४ लाख. व्याज १०.६ लाख. एकूण २८ लाख.

पहिली आणि दुसरी गाडी यांच्या किमतीत १२ लाखांचा फरक होता. चार वर्षांच्या खर्चात तो २.४ लाखांवर आला. आणि पहिल्या गाडीचा गिअरबॉक्स किंवा एअर सस्पेन्शन एकदाच बसलं आणि तीन लाखांचं बिल आलं, तर ती दुसरीपेक्षा महाग ठरते.

म्हणजे जुनी गाडी नेहमी तोट्याची असते का? नाही. नशिबानं साथ दिली तर तीच सर्वात स्वस्त पडते. पण तिच्या चांगल्या आणि वाईट नशिबात अंतर मोठं आहे. दहा वर्षांची लक्झरी एसयूव्ही ज्याच्याकडे दुरुस्तीसाठी तीन-चार लाख बाजूला ठेवलेले आहेत आणि घरात दुसरी गाडी आहे, त्यानं घ्यावी. शेवटचा रुपया जमवून, कर्ज काढून घेणाऱ्यासाठी ती धोक्याची आहे. त्यात जुन्या गाडीवरच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो आणि मुदतही कमी मिळते.

सोलापूरसाठी वेगळा मुद्दा: अंतर

पुणे-मुंबईत बसून दिलेले सल्ले सोलापुरात जसेच्या तसे लागू होत नाहीत. बहुतेक जर्मन आणि ब्रिटिश ब्रँडची मोठी वर्कशॉप पुण्यात किंवा हैदराबादला. पुणे सुमारे २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या पुढे. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि गाडी बंद पडली, तर टोचन करून नेता येत नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक आणि ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्या चाकांवर ओढत नेल्या तर गिअरबॉक्सचं नुकसान होतं. त्या फ्लॅटबेड ट्रकवर चढवूनच न्याव्या लागतात. मग जाण्या-येण्याचा खर्च, मुक्काम आणि पार्ट येईपर्यंत आठ-पंधरा दिवस गाडीविना.

ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या फॉर्च्युनरचा भाव का पडत नाही, याचं उत्तर इथेच आहे. रुबाब हे एक कारण झालं. पण तिची सर्व्हिस जिल्ह्याच्या ठिकाणी होते, पार्ट मिळतात, ओळखीचा मेकॅनिक तिला हात लावू शकतो आणि विकायला काढली की गिऱ्हाईक लगेच मिळतं. म्हणून २५ लाखांत एकीकडे सव्वा लाख किलोमीटर चाललेली फॉर्च्युनर आणि दुसरीकडे ६० हजार चाललेली, आतून कितीतरी आलिशान असलेली जर्मन एसयूव्ही दिसते. बाजार या दोघींचा भाव सारखा लावतो, कारण फॉर्च्युनरमध्ये पुढचा खर्च कमी आहे, हे त्याने आधीच किमतीत धरलेलं असतं.

सुखसोयी, शांत केबिन आणि महामार्गावरचा आराम हवा असेल तर जर्मन गाडी चुकीची नाही. फक्त निवडण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. पुण्यात गाडी कुठे दाखवायची, रोडसाइड असिस्टन्स सोलापूरपर्यंत येतो का, आणि वाढीव वॉरंटी मिळते का. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, टोयोटा या कंपन्यांचे स्वतः तपासलेल्या जुन्या गाड्या विकण्याचे कार्यक्रम आहेत. तिथे भाव जास्त असतो, पण वॉरंटी मिळते. सोलापूरसारख्या ठिकाणी त्या वॉरंटीची किंमत पुण्यापेक्षा जास्त आहे.

भारतातून बाहेर पडलेल्या किंवा धोरण बदललेल्या कंपन्यांचंही भान ठेवावं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. एंडेव्हर दणकट गाडी म्हणून आजही अनेकांना हवी असते, पण पार्टची उपलब्धता आणि पुढे विकताना मिळणारा भाव हे दोन प्रश्न तिच्यासोबत येतात. ऑडीने एप्रिल २०२० पासून भारतात डिझेल गाड्या विकणं थांबवलं. त्यामुळे ऑडीची जुनी डिझेल एसयूव्ही म्हणजे बीएस-४ किंवा त्याआधीच्या काळातली, हे लक्षात घ्यावं.

मीटर मागे फिरवलंय का, कसं कळेल?

मीटरवरचा आकडा बदलणं आता अवघड राहिलेलं नाही, पण पुरावे सगळीकडून पुसता येत नाहीत.

पहिला पुरावा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असतो. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटरची नोंद होते. मालकाच्या संमतीनं चेसिस नंबरवरून हा इतिहास मिळतो. २०२२ मध्ये ८८ हजार नोंदलेले असतील आणि आज मीटर ६० हजार दाखवत असेल, तर पुढे बोलायची गरज नाही. तीन-चार वर्षांची नोंदच नसेल, तर तोही एक इशारा आहे.

दुसरा पुरावा गाडीतच असतो. अनेक लक्झरी गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद एकापेक्षा जास्त ठिकाणी होते. स्कॅनर लावल्यावर हे आकडे जुळत नाहीत, असं दिसू शकतं. त्याच स्कॅनरवर दोषांचे कोड नुकतेच पुसलेत का, हेही कळतं.

तिसरा पुरावा टायरवर. बाजूला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. २०१८ च्या, '२५ हजारच चाललेल्या' गाडीला २०२१ चे चारही टायर असतील, तर पहिले टायर एवढ्या लवकर का बदलले, हे विचारावं. गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, घासलेलं ब्रेकचं पॅडल आणि चेपलेली ड्रायव्हर सीटही बोलतात.

पुराची गाडी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत हाहाकार उडवला. लांबोटीजवळ पाणी वाढल्याने सोलापूर-पुणे महामार्गही बंद ठेवावा लागला होता. घरं आणि शेतीसोबत गाड्याही पाण्यात गेल्या. चेन्नई, हैदराबाद, मुंबईतही असे पूर येऊन गेले आहेत. तिथल्या गाड्याही धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात.

लक्झरी एसयूव्हीत इलेक्ट्रॉनिक्स जास्त आणि त्यातलं बरंचसं सीटखाली किंवा बूटमध्ये खाली बसवलेलं. पाणी गेलेली गाडी लगेच बंद पडत नाही. वायरिंगचे जोड गंजतात आणि काही महिन्यांनी एकेक बिघाड सुरू होतो. तपासताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, खालच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघावं. सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खाचेत गाळ आहे का, हेडलाइटच्या आत वाफ धरलीय का, हेही पाहावं. एसी बंद करून काचा लावल्यावर कुबट वास येत असेल, तर अत्तराची बाटली कितीही महाग असो, गाडी सोडून द्यावी. विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहासही विकणाऱ्याकडून मागवावा.

कागदांमध्ये कुठे अडकायला होतं?

परराज्यातली गाडी घेताना सगळ्यात मोठा न धरलेला खर्च म्हणजे महाराष्ट्राचा कर. इथे एकरकमी वाहन कर गाडीच्या किमतीवर टक्केवारीने लागतो. २० लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के. जुन्या गाडीला वयानुसार त्यातला काही भाग भरावा लागतो. पण हिशेबाचा पाया सौद्याची किंमत नसून गाडीची मूळ किंमत असते. ७० लाखांची गाडी १८ लाखांत घेतली, तरी आरटीओ ७० लाखांकडे बघतं. म्हणून टोकनच्या आधी सोलापूर आरटीओतून कराचा आकडा काढून आणावा.

त्या राज्याची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात हवी. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज फिटलं असेल तर एचपी उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला, की नोंदणी चालू आहे का, बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे हे दिसतं. थकलेली चलनं वेगळी तपासावीत.

कायद्यानुसार घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलासाठी अर्ज करायचा असतो. 'राहू दे जुन्याच नावावर' हा मोह दोघांनाही महागात पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरलेली असो. आणि विमा स्वतःच्या नावावर नसेल, तर चोरी किंवा अपघातात स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नव्या मालकाला मिळणं कठीण होतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्या मालकाकडे येत नाही, हेही हप्ता मोजताना धरावं.

एजंट किंवा डीलरमार्फत सौदा असेल, तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदलेला आहे का, हे विचारावं. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना असं प्रमाणपत्र घेण्याचा नियम आहे.

खूप जुन्या, परदेशातून तयार आयात झालेल्या गाडीच्या मोहात पडणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. १५ वर्षांनंतर साध्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ५ हजार रुपये आहे, आयात केलेल्या मोटारीचं ४० हजार. २० वर्षांनंतर हेच शुल्क अनुक्रमे १० हजार आणि ८० हजार होतं. पर्यावरण कर वेगळा.

मग नेमकी कोणती निवडायची?

सोलापूरसारख्या शहरात राहणाऱ्या, घरात हीच मुख्य गाडी असणाऱ्या कुटुंबासाठी चार ते सहा वर्षांची, ५० ते ९० हजार किलोमीटर चाललेली, प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली गाडी सहसा हिशेबात बसते. पहिल्या मालकाने सर्वात मोठी घट सोसलेली असते, विम्याचे पर्याय अजून मिळतात आणि नोंदणीची नऊ-दहा वर्षं हातात असतात. एक-दोन लाख जास्त गेले तरी चालतील, पण नोंद नसलेली गाडी नको. महाराष्ट्र पासिंगची असेल तर कराचा प्रश्नही उरत नाही.

क्रम असा ठेवावा. आधी सर्व्हिसची नोंद, मग अपघात आणि पाणी, मग वय, मग किलोमीटर आणि सगळ्यात शेवटी किंमत. ठरवलेल्या बजेटमधले १५ ते २० टक्के बाजूला काढावेत. बजेट २५ लाखांचं असेल तर २०-२१ लाखांचीच गाडी बघावी. उरलेल्या पैशात ट्रान्सफर, विमा, टायर, बॅटरी, पहिली मोठी सर्व्हिस होते आणि एका मोठ्या बिघाडाची सोय राहते.

शेवटची परीक्षा सोपी आहे. गाडी पुण्यातल्या कंपनी वर्कशॉपमध्ये किंवा ओळखीच्या स्वतंत्र मेकॅनिककडे तपासून घ्यायची आहे, असं विकणाऱ्याला सांगावं. तपासणीला काही हजार रुपये लागतात. जो तयार होतो, त्याच्याशी भावाचं बोलावं. जो 'आजच दुसरं गिऱ्हाईक येतंय, टोकन टाका' म्हणतो, त्याची गाडी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाच घेऊ द्यावी.